ठमीच्या धुराचं कोडं

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकलेल्यांनीसुद्धा सतरंजी थोडी पुढे ओढा, माझा आवाज आता शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. बुवांच्या कीर्तनाला अजून अवकाश आहे. पेटीवाल्यांची रिक्षा दुर्गापुऱ्याच्या फाटकाशी अडकलीय म्हणे. तोवर मी एक आख्यान लावते. पुराणातलं नाही, आपल्या प्रताप नगरातलंच. तीन वर्षांपूर्वीचं, दोन हजार सहाच्या मार्चमधलं. यात एक मोटार आहे, एक खोटा आळ आहे आणि एक चोर आहे. चोर कोण ते मी शेवटी सांगीन. पण कान देऊन ऐकलंत तर तुम्हाला माझ्याआधी कळेल. मला स्वतःला फार उशिरा कळलं.

१. छापायचं राहून गेलं

आमची ठमी तुम्ही पाहिली आहे. मलईच्या रंगाची, गोल दिव्यांची, १९८६ सालची मोटार. चालताना ठमठम वाजते म्हणून आमच्या ह्यांनी ठेवलेलं नाव. हे, म्हणजे श्रीपादराव, विमा कंपनीतून निवृत्त झाले; साताऱ्याहून अठ्ठ्याहत्तर साली इथे हिंदी मुलखात बदलीवर आले ते आलेच. ह्यांच्या दोनच आवडी, ठमी आणि कागद. ठमीचं नोंदणीपुस्तक आमच्या कपाटात माझ्या मंगळसूत्राच्या शेजारी कुलपात असतं, आणि दोन्हींत मंगळसूत्र जास्त सहज मिळतं.

तर मोटारीला सरकार पंधरा वर्षं देतं, मग पाच-पाच वर्षांची मुदतवाढ. ठमीची पहिली मुदतवाढ त्या मार्चातल्या मंगळवारी संपत होती. पुढची हवी तर धुराचं सर्टिफिकेट हवं. त्या वयाच्या गाडीला मर्यादा तीन टक्क्यांची. धुरातला विषारी वायू तीनच्या आत भरला तर पास, वर गेला तर घरी. आणि ठमी नेमकी उंबऱ्यावर! तिचा आकडा यायचा दोन पूर्णांक सात, आठ.

मुलगा विनय, बँकेत साहेब आहे तो, म्हणाला, "बाबा, मंगळवारपर्यंत पोल्युशन पास नाही झालं ना, तर मी भंगारवाल्याला फोन करणार. मतलब, नवी गाडी घेऊ. डील?"

हे इरेला पेटले. "डील!"

आता नुसती गाडी जाण्याचा प्रश्न असता तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण मंगळवारनंतर बुधवार येत होता, आणि बुधवारी शीतला अष्टमी. आमचे मोटारीचे मिस्त्री कजोडमलजी मूळ चाकसूचे. नव्वदीची त्यांची आई, जिला सगळे माजी म्हणतात, दर वर्षी तिथल्या मेळ्याला शीतलामातेच्या दर्शनाला जायची, ती आमच्या ठमीतून. बसची पायरी तिला चढवत नाही. ठमीत मात्र ती पुढच्या सीटवर राणीसारखी बसते आणि टोंक रोडभर ट्रकवाल्यांना शिव्या देते. ठमी गेली की माजींचा मेळाही गेला.

शुक्रवारी हे एकटेच ठमीला घेऊन पेट्रोलपंपावरच्या तपासणी गाडीपाशी गेले. तिथे छीतर नावाचा एक भला माणूस मशीनची नळी धुराड्यात घालतो आणि आकडा सांगतो.

"दो दशमलव आठ, बाबूजी. पास!"

ह्यांनी मूठ आवळली. छीतरजींनी छापायचं बटण दाबलं, आणि लाइट गेली. ती दुपारपर्यंत आलीच नाही.

"उद्या छापून आणतो," हे घरी येऊन म्हणाले. "आकडा तर कळलाय. तू चल बरोबर. तुझ्या देवाला सांग, दहा मिनिटं लाइट राहू दे."

म्हणून शनिवारी मी गेले. मी आयुष्यात पहिल्यांदाच तिथे गेले हो. ह्यांनी नेहमीप्रमाणे फाटकापाशी गाडी चालू करून गरम करत ठेवली, मी देवघरातून गोमुखी घेतली, कुलूप लावलं, बसले. गोमुखी म्हणजे जपमाळेची पिशवी. आत हात घालून माळ ओढायची, म्हणजे जप कुणाला दिसत नाही. माझी लाल खणाची आहे. मोटारीत बसलं की मी ती समोरच्या छोट्या खुंटीला अडकवते आणि गाडी थांबली की हातात घेते. तिथेही तेच केलं. हे खाली उतरून छीतरजींशी बोलत उभे, इंजिन चालू, मी डोळे मिटून देवाला सांगत होते, लाइट राहू दे, लाइट राहू दे.

लाइट राहिली. पण छीतरजींचा आवाज आला, "बाबूजी... तीन दशमलव चार. फेल."

२. लाल ठिपका

"काल दोन पूर्णांक आठ आणि आज तीन पूर्णांक चार?" हे घरभर येरझाऱ्या घालत होते. "रातोरात कुणीतरी ठमीच्या पोटात हात घातला!"

येताना मोटारीत पेट्रोलचा भपकाही येत होता, म्हणून मी खिडकी उघडून बसले होते. ह्यांचं म्हणणं, इंजिनात एक स्क्रू असतो, त्याने हवा आणि पेट्रोलाचं माप ठरतं. तो कुणीतरी फिरवला.

रविवारी सकाळी कजोडमलजी आले. साठीचा माणूस, पांढऱ्या मिशा, खांद्यावर ग्रीसने काळा झालेला गमछा. वीस वर्षं ठमीचा वैद्य तोच.

"राम राम सा, माताजी." आधी माझी विचारपूस, मग ठमीची. बॉनेट उघडून त्यांनी इंजिनाला कान लावला, जसा डॉक्टर छातीला लावतो. स्क्रूड्रायव्हर दोन बोटांत धरून केसभर इकडे, केसभर तिकडे. मग खिशातून लाल रंगाची डबी काढून त्यांनी त्या स्क्रूवर बारीक ठिपका दिला.

"म्हारी सील. अब कोई हाथ लगाएगा तो ठिपका फूट जाएगा."

सोमवारी सकाळी ते स्वतः ठमीला तपासणीला घेऊन गेले. परत आले ते हसतच. "दो दशमलव सात, बाबूजी! पर छापा नहीं. गाड़ी की किताब माँगता है."

नोंदणीपुस्तक अर्थातच कपाटात कुलपात. ह्यांनी ते काढलं, छातीशी धरलं, आणि तासाभरात आम्ही तिघं निघालो. कजोडमलजी मागे, हे चालवायला, मी पुढे गोमुखी अडकवून. या खेपेला मी अकरा माळांचा नवस बोलले होते. हे आणि कजोडमलजी उतरले, छीतरजींनी नळी घातली, मी पिशवी काढून जपाला लागले.

पहिली माळही पुरी झाली नव्हती.

"तीन दशमलव तीन," छीतरजी खालच्या आवाजात म्हणाले.

ह्यांनी धावत जाऊन बॉनेट उघडलं. लाल ठिपका जसाच्या तसा होता. त्याला तडाही नव्हता.

३. टेबलावरची किल्ली

सील शाबूत आणि आकडा चढलेला. म्हणजे चोर इंजिनाला हात न लावता आत शिरला होता!

घरी येऊन मी चहा टाकला. कप घेऊन बाहेर येते तर हॉलमध्ये हे कजोडमलजींच्या समोर उभे.

"कजोड," हे म्हणाले, "सील तुझीच आहे ना? रंगाची डबी पण तुझ्याच खिशात. फिरवायचं आणि पुन्हा ठिपका द्यायचा, अवघड काय आहे?"

"बाबूजी?"

"दोन वर्षांपूर्वी तू म्हणाला होतास, गाडी विकायची झाली तर मला द्या. फेल झाली की भंगाराच्या भावात मिळेल, नाही का?"

अहो, ते माझ्या कानांनी ऐकलं आणि हातातला ट्रे तिथेच खाली ठेवला. मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता!" पण शब्द बाहेर पडून गेले होते.

कजोडमलजींनी मिशीवरून हात फिरवला. खिशातून ठमीची जादा किल्ली काढली. वीस वर्षं त्यांच्याकडे होती ती. टेबलावर ठेवली.

"बाबूजी, स्क्रू घुमाना आता है मुझे. नीयत घुमाना नहीं आता."

आणि गेले. चहा तसाच. वीस वर्षांत त्या माणसाने माझ्या हातचा चहा टाकला नव्हता.

ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं. उलटं धरलंय हे त्यांना दहा मिनिटं कळलं नाही.

४. वीणाचे प्रश्न

अशा वेळी मला एकच नाव सुचलं, डॉक्टर वीणा. औषधाची डॉक्टर नव्हे, मातीची. दुर्गापुऱ्याला शेतीच्या संशोधन केंद्रात माती तपासते. नागपूरची मुलगी, मुलगी कसली, पन्नाशीची आहे. आपल्या कीर्तनाला येते, शेवटच्या रांगेत पेंगते आणि प्रसादाच्या शिऱ्याला बरोबर जागी होते. पण डोकं असं, की कॉलनीत पाण्याच्या टाकीतला गढूळपणा कुठून येतो ते हिने बशीभर गाळ पाहून सांगितलं होतं.

मी शिरा केला आणि तिला बोलावलं.

"काकू, चार आकडे सांगा फक्त," ती म्हणाली. मी सांगितले. शुक्रवारी दोन आठ. शनिवारी तीन चार. सोमवारी सकाळी दोन सात, दुपारी तीन तीन. तिने ते कागदावर लिहिले आणि त्यांच्यासमोर बरीच जागा मोकळी सोडली.

पहिली पाळी विनयची. त्याच्या बॅगेत नव्या गाडीचं रंगीत माहितीपत्रक होतंच.

"वीणामावशी, मला नवी गाडी हवी आहे, मान्य. पण मी असं चोरून थोडंच करणार? आणि इंजिनमधलं मला काही नाही समजत."

"बरं. बॉनेट उघडून दाखव बापा जरा."

विनय ठमीत बसला. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. शेवटी कसलीशी कळ ओढली, तर सीटच धाडकन मागे गेली आणि बँकेतला साहेब पाय वर करून आडवा! वीणाने शांतपणे कागदावरचं त्याचं नाव खोडलं.

मग ती स्कूटरवरून छीतरजींकडे जाऊन आली.

"पाहा काकू, त्याच्या वहीत रोजच्या साऱ्या गाड्या आहेत. ठमीच्या आधीच्या, नंतरच्या सगळ्यांचे आकडे सरळ. म्हणजे मशीन ठीक. आणि माणूसही साधा वाटला. मला म्हणाला, मैं नंबर लिखता हूँ, बनाता नहीं. पण एक गंमत सांगितली. मिस्त्रीने सकाळी आणली तेव्हा ठमी कुजबुजत होती. दुपारी तुम्ही आणली तेव्हा गुरगुरत होती."

"म्हणजे मधल्या तासाभरातच कुणीतरी..."

"मधल्या तासात ती तुमच्या दारात उभी होती आणि कजोडजी तुमच्या पायरीवर. रंग मी नखाने खरवडून पाहिला. तो रविवारचाच आहे, चांगला वाळला आहे. कजोडजींनी पुन्हा दिला असता तर ओला नसता का लागला?"

माझ्या जिवावरचं अर्धं ओझं उतरलं. ह्यांनी मात्र मान वर केली नाही.

"काका," वीणा म्हणाली, "ठमी आणखी काही तक्रार करते का? या आठवड्यातली नाही, आधीची?"

"पेट्रोल जास्त पिते," हे पुटपुटले. "दत्तजयंतीपासून. तोवर बरी होती."

"दत्तजयंतीच कशी लक्षात राहिली?"

"सप्ताहाला रोज हिला कीर्तनाला नेत-आणत होतो, तेव्हाच काटा भराभर खाली जायला लागला. मला वाटलं थंडीमुळे."

वीणा माझ्याकडे वळली. "आणि काकू, तपासणी चालू असताना तुम्ही काय करून राहिल्या होत्या?"

"मी? मी कोण करणार! पुढच्या सीटवर बसून देवाचं नाव घेत होते."

"कशावर?"

मी गोमुखी पुढे केली. वीणाने ती उलटीपालटी केली, तिचा गोफाचा फासा बोटात घालून ओढून पाहिला. तो चांगला घट्ट बसतो.

"नवी दिसते."

"हो ना! दत्तजयंतीच्या सप्ताहात बुवांनी दिली. आधी मी माळ पर्समध्येच ठेवायची."

वीणाचा शिऱ्याचा चमचा हवेतच थांबला. शिरा समोर असताना ती बाई थांबलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तिने कागदावरच्या मोकळ्या जागेत चार शब्द लिहिले आणि कागदाची घडी करून ओच्यात, चुकले, पर्समध्ये टाकली.

"उद्या सकाळी सगळ्यांनी तपासणीला यायचं. कजोडजींना मी घेऊन येते. आणि काकू, तुम्ही अगदी रोज जशा वागता तशाच वागायचं. काही बदलायचं नाही. जप सुद्धा करायचा."

"म्हणजे तुला चोर कळला?"

"कळला," ती म्हणाली, आणि पुन्हा शिरा खाऊ लागली.

५. आकडा चढतो

मंगळवार. शेवटचा दिवस. पंपावर छीतरजींच्या गाडीभोवती आमची वरातच उभी. विनय अर्धा दिवस रजा टाकून आलेला. कजोडमलजी लांब, हवा भरायच्या यंत्रापाशी, हाताची घडी घालून. वीणाच्या शब्दाखातर आले होते, आमच्या नव्हे. ह्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"आधी काकूंशिवाय," वीणाने सांगितलं. मी बाकावर बसले, गोमुखी मोटारीतच खुंटीला. छीतरजींनी नळी घातली. मशीनच्या खिडकीत लाल आकडे नाचले आणि स्थिर झाले.

दोन पूर्णांक सात.

"छापा! छापा!" हे ओरडले. छीतरजींचं बोट बटणावर गेलं.

"थांबा," वीणा म्हणाली. "काका, छापलं तर ठमी सुटेल. कजोडजी सुटणार नाहीत. चोर तसाच राहील आणि तुमच्या मनात उद्याही यांचंच नाव असेल. ठरवा तुम्ही."

छीतरजींच्या गाडीतल्या पंख्याची पाती अडखळल्यासारखी झाली, दिवा मिणमिणला. लाइट कुठल्याही क्षणी जाणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ह्यांच्या हातात नोंदणीपुस्तक, मोटार नोंदणीचं ऑफिस बंद व्हायला चार तास. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण त्या वेळी ह्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला वाचता येईना.

"नका छापू," हे म्हणाले. "आधी चोर."

हवेच्या यंत्रापाशी घडी घातलेले हात सुटलेले मी पाहिले.

"काकू, बसा गाडीत. रोजच्यासारखं."

मी पुढच्या सीटवर बसले. इंजिन चालूच होतं, नळी धुराड्यात. मी खुंटीवरची गोमुखी ओढून काढली, डोळे मिटले आणि जपाला लागले. देवा, खरा चोर सापडू दे. कजोडमलजींचं नाव निर्मळ होऊ दे. मणी सरकत होते. जप छान लागला होता हो, आणि मग मला जाणवलं की भोवती कुणीच बोलत नाही.

डोळे उघडले. सगळे मशीनकडे बघत होते. दोन नऊ. तीन एक. तीन तीन.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आई?" विनय म्हणाला. "ये क्या..."

"मी कुठे काय केलं? मी तर जप..."

वीणा खिडकीतून आत वाकली. तिने एक बोट त्या खुंटीवर ठेवलं आणि हळूच आत दाबलं. इंजिनाचा सूर लगेच उतरला. गुरगुरणारी ठमी कुजबुजायला लागली. तीन एक. दोन नऊ. दोन सात.

"काकू, ही खुंटी कशाची आहे?"

"पिशव्या अडकवायची. गाडी करणाऱ्याने बायकांची सोय म्हणून दिलेली."

कजोडमलजींनी गमछा तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते.

"हा चोक आहे, काकू," वीणा म्हणाली. "सकाळी इंजिन थंड असलं की ही खुंटी बाहेर ओढायची, म्हणजे त्याला जास्तीचं पेट्रोल मिळतं. गरम झालं की आत ढकलायची. काका ते रोज फाटकापाशी करतात, तुम्ही कुलूप लावत असता, म्हणून तुम्ही कधी पाहिलंच नाही. मग तुम्ही येता आणि पिशवी अडकवता. अडकवताना काही होत नाही. पण तिचा फासा घट्ट आहे. काढताना तुम्ही ओढता, आणि पिशवीबरोबर खुंटीही अर्धं बोट बाहेर येते."

तिने तो घडीचा कागद काढला. चार आकडे, आणि समोरच्या मोकळ्या जागेत चार शब्द: नाहीत, आहेत, नाहीत, आहेत.

"पाहा ना. काका एकटे, पास. काकू बरोबर, फेल. कजोडजी एकटे, पास. काकू बरोबर, फेल. ठमी मुळातच उंबऱ्यावर, तिला अर्ध्या बोटाचा धक्कासुद्धा पुष्कळ होतो. स्क्रू कुणी फिरवलाच नव्हता, मग लाल ठिपका फुटेल कशाला? परत जाताना पेट्रोलचा भपका आला तो याचाच. पेट्रोल दत्तजयंतीपासून जास्त जळतं, कारण पिशवी दत्तजयंतीची."

"पण मला दिसली कशी नाही बाहेर आलेली?" ह्यांनी विचारलं.

"जप झाला की काकू पिशवी परत तिथेच अडकवतात. लाल खणाच्या आड खुंटी दिसेल कशी? आणि दुसऱ्या सकाळी तुम्ही ती आत ढकलता. चोर रोज स्वतःच्या खुणा तुमच्याच हातांनी पुसून घेत होता."

"मैं तो बैठते ही चोक अंदर करता हूँ, आदत है," कजोडमलजी जवळ येत म्हणाले. "सोचा ही नहीं कि बाहर क्यों है."

म्हणजे बघा, मी डोळे मिटून ठमीला पास कर म्हणत होते आणि माझाच हात तिला नापास करत होता. मला तर बाई मोटारीतून उतरवेना. उतरले, आणि कजोडमलजींसमोर हात जोडले. "भाईसाहब, चोर मी आहे."

त्यांनी माझे जोडलेले हात खाली केले. "माताजी, आप तो भगवान को भी चोक दे रही थीं. जल्दी सुनेंगे!"

छीतरजी इतके हसले की बटण दाबायचं विसरले. "अरे, छापा ना भैया!" विनय ओरडला. मशीनमधून करकर करत कागद बाहेर आला: दोन पूर्णांक सात. त्याचं टोक ह्यांच्या हातात आलं आणि लाइट गेली.

पण हे कागदाकडे बघतच नव्हते. हे कजोडमलजींच्या पुढ्यात उभे होते. विमा कंपनीत चाळीस वर्षं कागद जपलेल्या माणसाने तो कागद न वाचताच खिशात कोंबला. मग दुसऱ्या खिशातून ती जादा किल्ली काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली आणि स्वतःच्या दोन्ही हातांनी त्यांची मूठ मिटली.

"कजोड, मी चुकलो. फार वाईट बोललो. काल तुझा चहा राहिला."

"राह्यो कोनी, बाबूजी," कजोडमलजी म्हणाले, म्हणजे राहिला नाही. "ठंडो हुयो है. आज तो वैसे भी कल के लिए ठंडा ही बनेगा घर में."

६. पितळी खुंटी

खरंच होतं ते. शीतलामातेला आदल्या दिवशीचं गार जेवण लागतं, अष्टमीला चूल पेटवत नाहीत. ह्यांनी ऑफिसात कागद भरले, शिक्का घेतला, आणि संध्याकाळी मी कजोडमलजींच्या घरी जाऊन त्यांच्या सुनेबरोबर नैवेद्याचे गोड पुए तळले.

बुधवारी सकाळी ठमी चाकसूला निघाली. पुढच्या सीटवर माजी, मांडीवर गार राबडीचं, म्हणजे ताकातल्या बाजरीच्या पेजेचं, मडकं. मागे आम्ही दोघी, मी आणि वीणा, आणि आमच्यामध्ये चेपून बसलेला विनय. हो, तोही आला, आणि वाटेत तीनदा म्हणाला की ठमीची सीट तशी आरामाची आहे, मतलब नव्या गाडीची घाई नाही. कजोडमलजी चालवायला. हे त्यांच्या मोटरसायकलवरून मागून, डोक्याला रुमाल बांधून, चेहऱ्यावर प्रायश्चित्ताचा भाव आणि डोळ्यांत धूळ.

माजींना सगळी हकीकत कळली होती. शिवदासपुऱ्यापर्यंत त्या ट्रकवाल्यांना शिव्या द्यायचं सोडून मलाच हसत होत्या.

मेळ्यातून येताना कजोडमलजींनी एक छोटी पितळी खुंटी विकत घेतली. दुसऱ्या दिवशी येऊन ती माझ्या सीटसमोर, चोकपासून चांगली वीतभर लांब, दोन स्क्रूंनी बसवली. दोन्ही स्क्रूंवर लाल ठिपका दिला. "माताजी, इसे जितना खींचना है खींचो." ती अजून आहे, बघायची तर बाहेर जाऊन बघा. तपासणीला ठमी दर सहा महिन्यांनी जाते. छीतरजी आधी मला उतरवतात, मग नळी घालतात.

कजोडमलजी आता चाकसूलाच असतात. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून दुकान मुलाकडे दिलं. पण ठमीचा आवाज बदलला की हे त्यांना फोन लावतात आणि फोन बॉनेटपाशी धरतात, आणि ते तिकडून ऐकून सांगतात काय झालंय ते.

अगबाई, रिक्षा आली वाटतं. आले, पेटीवाले आले. सरका, वाट द्या त्यांना.

एवढंच सांगते आणि उठते. माळ जपताना मेरुमणी आला की आपण तो ओलांडत नाही, थांबतो आणि माळ उलटी फिरवतो. त्या थांबण्यात मी रोज एक नाव घेते, देवाचं नव्हे, त्याच्या एका माणसाचं. आज कीर्तनात नामस्मरण होईल तेव्हा तुम्हीही क्षणभर थांबा, आणि चाकसूच्या त्या कजोडमलजी मिस्त्रींची आठवण काढा. तेवढं कराल ना?